गोल घराचे रसिक

१६ जून १९७४, रविवार. सांगली.

आजपासून रोजनिशी. मुद्देसूद. रोज. पुढेमागे वामनमामांच्या घरावर कोणी अभ्यास केलाच तर उपयोगी पडेल म्हणून नव्हे. ही फक्त माझ्यासाठी आहे. तरी अक्षर नीट काढतो आहे.

मधुदादाचा साताऱ्याहून निरोप. घर विकायचं. गिऱ्हाईक तयार आहे. भाऊसो, ऊसवाले. त्यांना माधवनगर रोडला लॉजिंग-बोर्डिंग काढायचं आहे, म्हणजे घर पाडणार. दिवाळीपर्यंत मुदत. तोवर सांगलीतल्या दहा शहाण्या माणसांनी जरी हे घर ठेवण्यासारखं आहे म्हटलं, तर दादा सही करणार नाही. हसत हसत म्हणाला म्हणे. हसू दे.

वामनमामा अमेरिकेत आर्किटेक्ट झाले, परत आले आणि उभ्या जन्मात एकच घर बांधून गेले. हे. साल १९५३. गोल भिंती, उघडा काळा दगड, काँक्रीटचं उथळ बशीसारखं छत, आणि बैठकीच्या बरोबर मध्ये जिवंत उंबर, छताला ठेवलेल्या भोकातून वर गेलेला. निसर्ग आणि निवारा एकजीव. याला ऑरगॅनिक आर्किटेक्चर म्हणतात. टांगेवाले याला 'टाकी' म्हणतात.

मामांनी घर आम्हा दोघा भाच्यांना दिलं. दादा साताऱ्याला विम्याच्या नोकरीवर गेला, मी ड्रॉइंग मास्तर झालो आणि इथेच राहिलो. मला हे घर फार आवडतं. ते पाडलेलं मला बघवणार नाही. एवढं स्पष्ट लिहून ठेवतो आणि कामाला लागतो.

१८ जून, मंगळवार.

'स्थापत्य रसग्रहण मंडळ' स्थापन. अध्यक्ष मी. चिटणीस मी. खजिनदार प्रमोदिनी. तिने नकार दिला. नकार नोंदवून नेमणूक कायम केली.

प्रमोदिनीची तक्रार पुन्हा कपाटावरून. माहेरचं लोखंडी कपाट. गोल भिंतीला सपाट पाठीचं कपाट लागत नाही, त्याला घर काय करणार? मागे फट राहते. फटीत लाटणं पडलं, माझा चष्मा पडला, एकदा मांजर व्यायली. ती म्हणते, लग्नाला चौदा वर्षं झाली, मला एक सरळ भिंत द्या, मग हवं ते रसग्रहण करा. बाईमाणसाला स्पेस कळत नाही.

रात्री पाऊस. बुंध्यावरून थोडा निसर्ग आत आला. बादल्या लावल्या. प्रमोदिनी याला 'गळणं' म्हणते. मी तो शब्द या घरात वापरत नाही. मामांनी झाड आणि छत यांच्यामध्ये ट्रकच्या ट्यूबचं रबर बसवलं होतं. कल्पना अमेरिकन होती. ट्यूब मिरजेची होती, तिथे घात झाला.

२३ जून, रविवार.

दौरा. सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांतल्या आधुनिक वास्तू एकदा नजरेखालून घातल्या पाहिजेत. एकट्या घरापेक्षा सगळ्या प्रदेशाचा प्रश्न मांडला की वजन येतं.

लोणंदजवळ एक पेट्रोल पंप. पंपावरचं छत दोन पंखांसारखं उचललेलं, खाली एकच खांब. अप्रतिम! टेप काढून खांब मोजायला लागलो. मालक धावत आला. आदराने आत नेलं, चहा, भजी. आकाराम त्याचं नाव. फार नम्र माणूस. सारखा म्हणत होता, सायेब, माप एकदम बरोबर हाय, लिटरला लिटर, कवाबी बघा. मी म्हटलं, मला लिटरशी कर्तव्य नाही, मला खांब बघायचा आहे. तो आणखीच घाबरला. निघताना पिशवीत आंबे घातले. घेतले. रसिकतेला असं उत्तेजन मिळालं तर या जिल्ह्यात अजून आशा आहे.

पाचगणीचा बंगला राहिला. एस.टी. चुकली.

३० जून, रविवार.

आधी घरचं घर. ठरलं: दर गुरुवारी दुपारी तीननंतर घर सर्वांना खुलं. गुरुवारी माझे शेवटचे दोन तास रिकामे असतात, एवढंच कारण. प्रमोदिनी म्हणाली, येत्या गुरुवारी गुरुपौर्णिमा आहे. म्हटलं, छानच, लोक मोकळे असतील.

नियम तयार केले, पत्र्याच्या पाटीवर स्वतः रंगवले. रोमन वळणाचं देवनागरी, माझी स्वतःची शैली. चपला बाहेर काढाव्यात (लाल कोब्याच्या फरशीवर ओरखडे उठतात). झाड उजव्या हाताला ठेवून गोल फिरावे (स्पेस चालत बघायची असते, एका जागी उभं राहून नव्हे). शांतता राखावी. भिंतीस पाठ टेकू नये.

प्रमोदिनीने पाटी वाचली. बराच वेळ माझ्याकडे बघितलं.

४ जुलै, गुरुवार. संध्या. ७.

उद्घाटन. आमंत्रणं गेली होती: नगरपालिकेचे इंजिनियर, आमचे हेडमास्तर, कॉलेजातले दोन प्रोफेसर, वकील मंडळी. आले कोण? कोणी नाही. सांगलीच्या बुद्धिजीवी वर्गाबद्दल मला जे वाटतं ते रोजनिशीतही लिहिण्यासारखं नाही.

आमची कामवाली मनुबाई मात्र आपल्या जावेला, अंबूबाईला घेऊन आली. दोघींनी चपला काढल्या, नियमाप्रमाणे गोल फिरल्या. एकदा नव्हे, पुष्कळदा. आपल्या बायकांना शिकवलं नाही म्हणून, नाहीतर दृष्टी उपजत आहे. मी मागे मागे जाऊन छताचा भार कसा उतरतो ते समजावलं. अंबूबाई डोळे मिटून ऐकत होती. शेवटी म्हणाली, लय गार वाटलं बघा मास्तर. स्पेसची इतकी नेमकी प्रतिक्रिया मी प्रोफेसरांकडूनही ऐकलेली नाही.

जाताना दोघींना खडीसाखर दिली. रसग्रहण कोरड्या तोंडाने होत नाही. हा पायंडा ठेवावा.

हात धुऊन आलो तर उंबराला हळदीकुंकू. मनुबाईला विचारलं. म्हणाली, म्हाईत न्हाई. ओल्या फडक्याने पुसलं.

११ जुलै, गुरुवार.

अंबूबाई आणखी सहा जणी घेऊन आली! सगळ्या माधवनगरच्या, गिरणीकामगारांच्या घरच्या. कामगार वर्गात आधुनिक कलेची भूक असते असं मी कुठेतरी वाचलं होतं. पटलं नव्हतं.

वकील मंडळींपैकी कोणी नाही.

२५ जुलै, गुरुवार.

गर्दी. अंगणात सायकली. एका म्हातारीने नारळ आणला. मी म्हटलं, आजी, फी नाही. ती म्हणाली, फी न्हवं बाबा, सुनंसाठी. सुनेला पुढल्या खेपेला घेऊन यायचं असणार. नारळ ठेवून घेतला.

प्रमोदिनी म्हणाली, तुम्ही खरंच एवढे भोळे आहात की सोंग करता? उंबर म्हणजे औदुंबर. औदुंबराखाली दत्त. आपल्या घराच्या बैठकीत औदुंबर आहे, गुरुवारी दार उघडं, चपला बाहेर, प्रदक्षिणा घालून घेता आणि वर प्रसाद वाटता. मग माणसं काय तुमचं काँक्रीट बघायला येतात?

तिच्याशी वाद घातला नाही. मामा पक्के नास्तिक. या घरात त्यांनी निरांजनसुद्धा लावू दिलं नाही, छत काळं पडतं म्हणून. ज्या घरात वीस वर्षांत उदबत्ती लागली नाही तिथे देव कशाला येईल? हेतू काहीही असो, माणसं गोल फिरताहेत आणि घर बघताहेत. दृष्टी हळूहळू येते.

१५ ऑगस्ट, गुरुवार.

सुट्टी, त्यात गुरुवार. रस्त्यापर्यंत रांग. रसग्रहणावर व्याख्यान द्यायला स्टुलावर चढलो. 'मित्रहो, हे छत' एवढं म्हणालो आणि मागून कोणीतरी 'दिगंबरा दिगंबरा' सुरू केलं. सगळे त्यातच. मी तसाच उभा. उतरलो तर चूक कबूल केल्यासारखं झालं असतं म्हणून गजर संपेपर्यंत स्टुलावर थांबलो. लोकांनी मला पण नमस्कार केला.

संताप, संताप! वीस वर्षं मी लोकांना सांगतो आहे की हा दगड बघा, हा वळसा बघा. एकाने मान वर करून बघितलं नाही. आणि झाडाला नुसतं कुंकू लागलं तर सांगली लोटली.

पुढच्या गुरुवारी घर बंद ठेवणार. ठाम.

२२ ऑगस्ट, गुरुवार.

बंद ठेवलं. बायका फाटकाबाहेर पावसात उभ्या राहिल्या. एकीच्या कडेवर तापलेलं पोर. काय करतो? उघडलं.

५ सप्टेंबर, गुरुवार.

नगरपालिकेचे इंजिनियर अखेर आले. हेडमास्तरही आले. मी दोघांना छताखाली नेलं, सळया कशा किरणांसारख्या टाकल्या आहेत ते सांगितलं. इंजिनियर वर बघत होते. पहिल्यांदा कोणीतरी वर बघत होतं! मग त्यांच्या नाकावर थेंब पडला. म्हणाले, हे गळतंय. म्हटलं, ओलावा येतो. त्यांनी थेंब बोटावर घेतला, डोळ्यांना लावला आणि चपला घातल्या. हेडमास्तरांनी जाताना विचारलं, बदलीचं काम आहे, किती गुरुवार करावे लागतात?

शहाण्या माणसांची मोजणी अजून शून्य.

६ ऑक्टोबर, रविवार. दु. ४.

आज दादा आला, भाऊसोंना घेऊन. जागा दाखवायला. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळपासून भाषण पाठ करत होतो: हे घर पाडाल तर महाराष्ट्राचं काय नुकसान होईल, वगैरे.

भाऊसो. पांढरं धोतर, फौजेतून आलेल्या माणसाची ताठ मान. दारात आले, झाड बघितलं, जागच्या जागी पायताण काढलं. मी भाषण सुरू केलं. त्यांनी हात वर केला. म्हणाले, मास्तर, गप ऱ्हावा जरा. मग झाडाला फेऱ्या घातल्या, सावकाश. दादाकडे वळले आणि म्हणाले, मधुअण्णा, तुमी मला बोलला न्हाई आत औदुंबर हाय म्हून. ह्यावर लॉजिंग बांधू व्हय मी? मला पोरंबाळं हायती. ह्या घराची एक वीट हलायची न्हाई.

एक वीट हलणार नाही! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रसग्रहण मंडळाचा विजय. कोणत्याही मार्गाने का असेना, वास्तू वाचली. मामा, वाचली.

त्याच दिवशी, रा. ९.

दादा जेवताना बोलला ते लिहून ठेवतो, केवळ खोडून काढण्यासाठी.

म्हणाला, मामांचा मूळ नकाशा चौकोनी होता. झाड तोडूनच घर बांधायचं होतं. लाकूडतोडे आले, उंबर बघितला आणि कुऱ्हाडी खांद्यावर टाकून परत गेले. मामांनी दुसरे आणले, तेही गेले. दुप्पट मजुरी देतो म्हणाले, कोणी हात लावेना. पावसाळा तोंडावर. तेव्हा मामा असे भडकले की चुन्याची फक्की घेतली, झाडाभोवती रागारागाने गोल मारला आणि ओरडले, घ्या, बांधा आता त्याच्याभोवती! गवंड्यांनी बांधलं. दादा टेपचं दुसरं टोक धरून तिथे उभा होता म्हणे.

ऑरगॅनिक वगैरे नाव मामांनी मागाहून दिलं असंही वर म्हणाला आणि आणखी आमटी मागितली.

दादाची स्मरणशक्ती पहिल्यापासून कच्ची. गणितात नापास झाला होता.

७ ऑक्टोबर, सोमवार.

झोप नाही. समजा, केवळ समजा, गोल रागाने मारला. तरी गोल तो गोलच. पण मग अंबूबाईने पहिल्याच दिवशी घराचं जे बघितलं तेच बरोबर आणि मी वीस वर्षं... पुढचं लिहीत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार.

समितीची सभा आमच्याच बैठकीत. 'श्री औदुंबर दत्त सेवा समिती', अध्यक्ष भाऊसो. मी विरोध करायचं ठरवून बसलो होतो. भाऊसोंनी मला आजीव सल्लागार केलं. वास्तूचं जतन हे समितीचं पहिलं काम, असं माझ्या तोंडावर सर्वांसमक्ष सांगितलं. 'जतन' हा शब्द माझा, त्यांनी तो उचलला, याचा अर्थ विचार पोचला आहे.

फक्त आमचं राहणं हलणार. देवाच्या ठिकाणी संसार बरा दिसत नाही, दगडाबाई म्हणाल्या, या भाऊसोंच्या वहिनी. तिथे मोरीसुद्धा ठेवता येणार नाही. घराच्या बदल्यात भाऊसो विश्रामबागेतल्या आपल्या नव्या इमारतीत आम्हाला दोन खोल्या देतात. दादाने आपला अर्धा भाग देवाला दिला. साताऱ्यात त्याचं नाव झालं.

मी हो म्हटलं. एक वीट हलणार नाही, हा शब्द आहे. राहणाऱ्यांपेक्षा राखण करणारे बरे. हा अत्यंत धोरणी निर्णय आहे.

प्रमोदिनीने सभा संपायच्या आत भांडी बांधायला घेतली.

१ डिसेंबर, रविवार.

हललो. नव्या खोल्या म्हणजे काड्यापेटी. चार भिंती, चार कोपरे, कल्पना शून्य. प्रमोदिनीने कपाट भिंतीला लावलं. ते लागलं, फट न ठेवता. ती कपाटाला पाठ टेकून खाली बसली आणि हसत हसत रडायला लागली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. चौदा वर्षांत मी हे बघितलंच नव्हतं, असं क्षणभर वाटलं. मग तिने खिळा ठोकायला बोलावलं.

१२ डिसेंबर, गुरुवार.

मनुबाई सांगत होती, तिकडं लय झ्याक काम चाललंय. म्हटलं, कसलं काम? म्हणाली, फरशा आल्यात, गुळगुळीत, पांढऱ्या, गुलाबाच्या फुलाच्या.

सल्लागार या नात्याने भाऊसोंना गाठलं. ते म्हणाले, आवं, वीट कुठं हलीवली? वरनं बसवतुया. खरंच आहे. शब्दाला पक्का माणूस.

२८ डिसेंबर, शनिवार. दत्तजयंती. रा. ८.

जाणार नव्हतो. गेलो.

रांग माधवनगरच्या बाजूला पार लांब. मी सल्लागार म्हणून पुढे जाऊ लागलो, एका स्वयंसेवकाने दंडाला धरून शेवटाला आणून उभं केलं. अर्जुना, भाऊसोंचा पुतण्या. मी ओळख सांगितली. म्हणाला, असाल की, पन लाईनीत ऱ्हावा.

आत गेलो. काळा दगड कुठेच नाही. छातीपर्यंत गुलाबाच्या टाइल, त्यावर पिस्ता रंगाचा ऑइल पेंट. छत आकाशी केलं आहे, त्यावर ढग काढले आहेत, एका ढगाला चंद्र. बाहेरून बशीवर सिमेंटचं शिखर. शिखराने झाडाभोवतीचं भोक नीट झाकलं आहे आणि फांद्या चारी बाजूंनी बाहेर काढल्या आहेत.

मी मान वर करून थांबलो. अर्जुना ओरडला, आवं काका, छत काय बघताय, पाया पडा आनि म्होरं व्हा, गोल फिरत ऱ्हावा, थांबू नका. मीच लिहिलेला नियम. स्पेस चालत बघायची असते.

गोल फिरलो. झाडाच्या पलीकडे, जिथे कपाट असायचं, तिथे टाइल कमी पडल्या होत्या. तळहाताएवढा दगड उघडा राहिला होता. मामांचा दगड, छिन्नीचे घाव तसेच. मी त्यावर हात ठेवला. हात काढवेना. फार वाईट वाटलं, फार. ज्याने गोल रागाने मारला त्याच्याबद्दल वाटलं की माझ्याबद्दल, ते कळलं नाही. मागच्या बाईने बघितलं, तिनेही दगडाला हात लावला आणि कपाळाला लावला. तिच्या मागचीनेही. मागे वळून बघितलं तर सगळी रांग हात लावत होती. पुढच्या गुरुवारपर्यंत त्याला शेंदूर लागेल.

बाहेर आलो. दाराशी माझी पाटी. तीच, पत्र्याची, रोमन वळणाचं देवनागरी. चपला बाहेर काढाव्यात. झाड उजव्या हाताला ठेवून गोल फिरावे. हार घातला आहे. सगळ्या वास्तूत जशीच्या तशी जतन केलेली एवढीच वस्तू.

पाटीखाली माझ्या चपला नाहीत. बराच शोध घेतला. अर्जुना म्हणाला, सनावाराला व्हतंय आसं, चांगल्या घालून येऊ नये.

विश्रामबागेपर्यंत अनवाणी आलो. प्रमोदिनीने पाय धुवायला गरम पाणी दिलं. जेवताना तिने विचारलं, घर कसं आहे?

म्हटलं, आता गळत नाही.